चोर सोडून संन्याशाला

दिवाळीच्या सुटीत आमच्या रिद्धपूरच्या घरात माणसे मावत नाहीत. एरवी या जुन्या घरात आम्ही उभयता, धाकटे बंधू व त्यांची मंडळी, थोरले चिरंजीव, सूनबाई आणि त्यांची दोन मुले एवढीच वस्ती. परंतु धनत्रयोदशीपासून पुण्याकडील पुतणे, नागपूरच्या भाच्या, जावई आणि त्या सर्वांची लेकरे येऊन दाखल होतात व पंगत वीस-बावीस पानांची होते. फराळ, फटाके आणि पाहुणचार यांत पहिले तीन दिवस सुखाने जातात. चौथ्या दिवशी मुले कंटाळतात. आणि कंटाळलेली मुले म्हणजे काय प्रकरण असते, हे ज्याने छत्तीस वर्षे शाळा शिकविली त्यास कोणी सांगावयास नको.

म्हणून यंदा मी माळ्यावरून आमच्या मातोश्रींच्या वेळचा सोंगट्यांचा पट काढविला. कापड विरले असले तरी घरे शाबूत होती आणि कवड्याही पुऱ्या सात निघाल्या. मुलांना दान कसे टाकावे, सोंगटी कशी मारावी, फुलीवर बसलेली का मारता येत नाही, हे समजावून सांगत असता पुतण्याची बारा वर्षांची मुलगी म्हणाली, “आजोबा, पट मीसुद्धा आणला आहे. पण त्यात सोंगटी मरत नाही, माणूस मरतो.”

असे म्हणून तिने एक पेटी पुढे ठेविली. तिच्यावरचे नाव ‘क्लूडो’. अमेरिकेत याच खेळास ‘क्लू’, म्हणजे धागा किंवा सुगावा, म्हणतात. आतून पुठ्ठ्याचा पट निघाला. त्यावर एका इंग्रजी हवेलीचा नकाशा: दिवाणखाना, भोजनगृह, ग्रंथालय, अभ्यासिका वगैरे नऊ दालने. सहा रंगांच्या सहा सोंगट्या, म्हणजे सहा संशयित. सहा इवलाली हत्यारे: सुरा, दोरी, पिस्तूल, मेणबत्तीदाणी, शिशाची नळी आणि पाना. शिवाय या सर्वांचे मिळून एकवीस पत्ते. हवेलीचा यजमान मारला गेला आहे, येथून खेळाचा आरंभ. कोणी मारले, कशाने मारले आणि कोठे मारले, याचे तीन पत्ते कोणीही न पाहता एका पाकिटात घालून मध्ये ठेवावयाचे आणि उरलेले अठरा वाटून घ्यावयाचे. गणित केले तर सहा संशयित, सहा हत्यारे आणि नऊ दालने मिळून ३२४ प्रकार संभवतात. त्यांतला खरा एकच.

खेळाडूने आपल्या पाळीला तर्क बोलून दाखवावयाचा की, अमक्याने अमक्या दालनात अमक्या हत्याराने मारले. शेजाऱ्याजवळ त्यांपैकी एखादा पत्ता असेल तर तो त्याने गुपचूप दाखवावयाचा. हाती असलेला पत्ता पाकिटात असू शकत नाही. अशा रीतीने एकेक शक्यता खोडीत जावयाचे आणि उरेल ते सत्य मानावयाचे. आमचे नैयायिक ज्याला परिशेषानुमान म्हणतात, तेच हे. दर्शनशास्त्रातील ही गोष्ट पुठ्ठ्याच्या पेटीतून बाहेर आलेली पाहून मला मोठी मौज वाटली.

परंतु खरी खुबी शेवटच्या नियमात आहे. उत्तर सापडले अशी खात्री झाली की खेळाडूने उघड आरोप करावयाचा व पाकीट उघडून एकट्याने पाहावयाचे. आरोप खरा निघाला तर जिंकला. खोटा निघाला तर आरोप करणारा खेळातून बाद. मात्र बाद झाला म्हणून त्याने उठून जावयाचे नाही. इतरांचा खेळ संपेपर्यंत तेथेच बसून, कोणी विचारील तेव्हा आपल्या हातचे पत्ते दाखवीत राहावयाचे.

हा नियम ऐकताच शेजारी वाती वळीत बसलेल्या सौ. म्हणाल्या, “फारच चांगला नियम! हा गावाला लावला तर अर्धे गाव मुके होईल.” सगळे हसले. एवढ्यात त्या मुलीने विचारले, “आजोबा, तुम्ही कधी कोणावर खोटा आरोप केला होता का हो?”

मी म्हणालो, “पाळी कोणाची आहे ते पाहा.” शाळामास्तरास प्रश्न टाळण्याची विद्या चांगली साधलेली असते. त्या प्रश्नाकडे मी लेखाच्या शेवटी येणार आहे; तोपर्यंत वाचकांनी सबुरी धरावी.

हा खेळ रचणारे गृहस्थ म्हणजे इंग्लंडातील बर्मिंगहॅमचे अँथनी प्रॅट. पूर्वी ते हॉटेलांतून पियानो वाजवीत. तेथील पाहुणे मंडळी करमणुकीसाठी खुनाची नाटके रचून खुनी शोधण्याचा खेळ खेळत, तो त्यांनी पाहिलेला होता. पुढे दुसरे महायुद्ध आले. दिवे मालवून बसण्याच्या त्या दिवसांत लोकांचे जाणे-येणे खुंटले आणि प्रॅटसाहेब कारखान्यात कामाला लागले. तेव्हा हवेली, पाहुणे आणि खून हे सर्व एका पटावर मांडण्याची कल्पना त्यांना सुचली. त्यांच्या पत्नी एल्वा यांनी पटाचे चित्र काढण्यास साहाय्य केले. १९४४ मध्ये एकस्वासाठी अर्ज गेला, १९४७ मध्ये ते मिळाले आणि युद्धोत्तर टंचाईमुळे खेळ बाजारात येण्यास १९४९ साल उजाडले. परदेशांतील हक्क प्रॅट यांनी पुढे पाच हजार पौंडांस देऊन टाकले. जगातील घरोघर खेळल्या गेलेल्या खेळाचे हे मोल ऐकून आमचे बंधू हळहळले; ते बँकेतून निवृत्त झालेले आहेत.

नावाची व्युत्पत्ती तर आम्हां सर्वांना जवळची निघाली. ‘क्लू’ आणि ‘लूडो’ या दोन शब्दांचा संधी होऊन ‘क्लूडो’ झाला. ‘लूडो’ हे लॅटिन क्रियापद, वर्तमानकाळ, उत्तम पुरुष, एकवचन. अर्थ ‘मी खेळतो’. आणि लूडो हा खेळ इंग्लंडात १८९६ मध्ये नोंदला गेला तो कशावरून? तर आपल्या पचिशीवरून, म्हणजे या सोंगट्यांच्या पटावरूनच! मातोश्रींचा विरलेला पट आणि नातीची गुळगुळीत पेटी त्या दिवशी ओसरीवर शेजारी शेजारी मांडलेली होती. पणजी आणि पणती यांची ती भेट होती म्हणावयाचे. फरक एवढाच की, आमच्या पटावर सोंगटी मेली तरी पुन्हा दान पडून ती चालू लागते. त्यांच्या पटावर जो मेला तो मेलाच. खेळ चालतो तो मागे राहिलेल्यांच्या संशयाचा.

त्या रात्री मुलांनी याच खेळावरून निघालेला इंग्रजी चित्रपट आम्हांस दाखविला. नाव तेच, ‘क्लू’, साल १९८५, दिग्दर्शक जोनाथन लिन. इंग्लंडातील मंत्री आणि सचिव यांची थट्टा करणारी ‘येस मिनिस्टर’ नावाची मालिका लिहिणाऱ्या जोडीपैकी हे एक. माझे इंग्रजी मॅट्रिकपुरते असल्यामुळे नात माझ्या एका कानाशी आणि सौ.च्या एका कानाशी अर्थ सांगत होती.

कथा १९५४ सालची. वादळी रात्र, एकाकी हवेली. सहा पाहुण्यांस निनावी पत्रे गेलेली आहेत. प्रत्येकास खोटे नाव देण्यात आले आहे आणि ती नावे पटावरच्या सोंगट्यांचीच आहेत. कोणी कर्नल, कोणी प्राध्यापक, कोणी मोठ्या घरची बाई. प्रत्येकाचे काही तरी पाप झाकलेले आहे व ते उघडे करण्याची धमकी देऊन एक मनुष्य त्यांच्याकडून पैसे उकळीत आहे. वॅड्सवर्थ नावाचा कारभारी, अर्थात हवेलीचा खानसामा, सर्वांचे स्वागत करतो. ही भूमिका टिम करी यांनी अशी रंगविली आहे की, भाषा न समजणाऱ्यासही हसू आवरू नये. तो पैसे उकळणारा मनुष्यही तेथे येतो, पाहुण्यांस एकेक हत्यार भेट देतो, दिवे मालवतात, पिस्तूल वाजते आणि दिवे लागतात तो खाली प्रेत! मग एकामागून एक माणसे मरू लागतात. स्वयंपाकीण मेली तेव्हा सौ. उद्गारल्या, “बरे झाले बाई, निदान जेवणे तरी उरकली होती.”

विनोद आहे तो मृत्यूत नव्हे. अब्रूदार माणसांच्या धांदलीत आहे. पोलीस शिपाई दारात येतो तेव्हा ही मंडळी मेलेल्यांस खुर्चीवर नीट बसवून मेजवानी चालल्याचे सोंग आणतात. शेवटी तो कारभारी सर्व रात्रीचा वृत्तान्त पुन्हा करून दाखवितो. एकटाच सगळ्यांच्या नकला करीत या दालनातून त्या दालनात धावतो आणि मागून सारे पाहुणे धावतात. आमची चार वर्षांची धाकटी नात तेथे इतकी हसली की तिला उचकी लागली. काही संवाद मात्र मुलांपुढे नसते तर बरे झाले असते. नातीने ते भाषांतरात गाळले, यावरून तिला ते समजले असावेत.

रहस्य आणि विनोद यांची ही जोडी आपल्याला अगदीच नवी नाही. राजा नवाथे यांच्या ‘गुमनाम’ (१९६५) या हिंदी चित्रपटात एकान्तात अडकलेली माणसे एकेक करून मरतात आणि मेहमूद खानसामा होऊन हसवितो, हे माझ्या वयाच्या वाचकांस आठवत असेल. बाबूराव अर्णाळकरांच्या धनंजयाबरोबर छोटूही होताच. परंतु ‘क्लू’ चित्रपटाने एक गोष्ट अशी केली, जी मी अन्यत्र पाहिली नव्हती. त्याला तीन शेवट आहेत.

अमेरिकेत तो लागला तेव्हा एका चित्रगृहात एक शेवट, दुसऱ्यात दुसरा आणि तिसऱ्यात तिसरा असे दाखविण्यात आले. कल्पना अशी की लोक तीनदा येतील. लोक एकदाही पुरेसे आले नाहीत. सुमारे दीड कोटी डॉलर खर्चिलेल्या त्या चित्रपटाने तेवढेही तिकिटांतून मिळविले नाहीत. पुढे दूरचित्रवाणी आणि घरगुती चित्रफिती आल्या. त्यांत तिन्ही शेवट एकापाठोपाठ एक जोडून दाखवू लागले आणि पडलेला चित्रपट हळूहळू घरोघर आवडता झाला. रहस्य फोडणे हा अपराध आहे खरा; पण तीन शेवटांपैकी थोडेसे फोडल्यावाचून मला पुढे बोलताच येत नाही, म्हणून क्षमा असावी. एका शेवटात एक बाई अपराधी ठरते. दुसऱ्यात दुसरीच बाई. तिसऱ्यात बहुतेकांनी एकेक खून वाटून घेतलेला असतो, आणि इतका वेळ सर्वांस न्यायाधीशाच्या थाटात समजावून सांगणारा तो कारभारीच पैसे उकळणारा खरा पापी निघतो.

मुले हसत होती आणि मी मात्र सावरून बसलो. कारण तिन्ही शेवटांच्या आधीची रात्र तीच होती. तीच माणसे, तीच हत्यारे, तेच दिवे मालवणे. कारभारी ज्या वेळी जो खुलासा करी, त्या वेळी तोच अगदी चपखल वाटे. पहिला शेवट पाहून मी म्हणालोही होतो, “बरोबर! मला संशय होताच.” दुसरा पाहूनही मला तसेच वाटले. अर्थ असा की, पुरावा जुळला म्हणजे सत्य सापडले, असे नव्हे. जुळविणारा चतुर असेल तर तोच पुरावा तिघांच्या गळ्यात सारखाच शोभून दिसतो.

हे ज्ञान आपणांस साहेबाकडूनच घ्यावयास हवे होते असे नाही. शूद्रकाचे ‘मृच्छकटिक’ ज्यांनी मुळात वा देवलांच्या संगीत नाटकातून अनुभवले असेल, त्यांस नववा अंक स्मरत असेल. राजाचा मेहुणा शकार वसन्तसेनेचा गळा दाबतो, ती मेली असे समजतो आणि न्यायसभेत जाऊन चारुदत्ताने दागिन्यांसाठी तिला मारले अशी फिर्याद देतो. न्यायाधीश भला आहे. चारुदत्ताच्या सज्जनपणाविषयी त्याला आदर आहे. परंतु पुरावा पाहा कसा येतो! वसन्तसेनेची आई सांगते की, मुलगी चारुदत्ताकडे गेली होती. वीरक नावाचा शिपाई वेगळ्याच तक्रारीसाठी आलेला. त्याच्या तोंडून निघते की, चारुदत्ताची गाडी तिला घेऊन उद्यानाकडे चालली होती. उद्यानात पाहावे तो एका स्त्रीचे अवशेष सापडतात. आणि याच वेळी चारुदत्ताचा भोळा मित्र मैत्रेय सभेत येतो, शकाराशी हातघाईवर येतो व त्याच्या काखेतून वसन्तसेनेचे दागिने खळकन खाली पडतात.

आता या दागिन्यांचा खरा इतिहास काय? चारुदत्ताचा लहानगा मुलगा मातीच्या गाडीऐवजी सोन्याची गाडी हवी म्हणून रडत होता. वसन्तसेनेने कळवळून आपले दागिने काढून त्याच्या मातीच्या गाडीत घातले. ते परत करण्यासाठीच मैत्रेय निघाला होता. नाटकाला नाव मिळाले ते या गाडीवरून. म्हणजे दयेची खूण तीच चोरीची खूण ठरली. फिर्यादी सोडला तर त्या सभेत जाणूनबुजून खोटे बोलणारा कोणीही नव्हता. तरीही भल्या न्यायाधीशाच्या हातून निरपराध मनुष्य दोषी ठरला. न्यायाधीशाने मनूचा आधार घेऊन हद्दपारी सुचविली. राजा पालकाने मृत्युदंड फर्माविला आणि चारुदत्ताची वधस्थानाकडे मिरवणूक निघाली. ज्या खुनासाठी हे सर्व चालले, तो खून मुळात झालेलाच नव्हता! वसन्तसेना जिवंत होती.

तिला वाचविले कोणी, हेही पाहण्यासारखे आहे. दुसऱ्या अंकात एक जुगारी दहा सुवर्णांचे देणे चुकवून पळतो. पाठलाग करणारांना फसविण्यासाठी तो ओसाड देवळात उलट्या पावलांनी शिरतो आणि देवाच्या जागी मूर्ती होऊन उभा राहतो. पाठलाग करणारे पाऊलखुणा ओळखतात, पण त्याला न धरता शेजारीच बसून फासे टाकू लागतात. फाशांचा आवाज ऐकून मूर्तीला राहवत नाही आणि तो पकडला जातो. गुप्तहेरकथेचा असा हसरा प्रसंग जुन्या संस्कृत वाङ्मयात आहे, हे मुलांना सांगितल्यावर त्यांना खरे वाटेना. वसन्तसेनेने त्या जुगाऱ्याचे कर्ज फेडले, त्याला उपरती झाली, तो भिक्षू झाला. आणि पुढे उद्यानात निपचित पडलेल्या तिला त्यानेच शुद्धीवर आणले. दोघे धावत वधस्थानी पोचली. ‘चोर सोडून संन्याशाला सुळी’ ही आपली म्हण. येथे संन्याशानेच सुळापाशी नेलेल्यास सोडविले. आणि सुटल्यावर चारुदत्ताने शकारासही क्षमा करून सोडून दिले.

आमच्या रिद्धपुरास या विषयाची आणखी एक शिकवण आहे. मी महानुभाव पंथाचा नव्हे, परंतु या गावच्या मातीत वाढलेल्यास म्हाइंभटांचे नाव न घेऊन चालत नाही. तेराव्या शतकात त्यांनी ‘लीळाचरित्र’ सिद्ध केले ते घरी बसून कल्पनेने नव्हे. ज्यांनी चक्रधरस्वामींना पाहिले-ऐकले होते, त्यांच्याकडे स्वतः जाऊन, एकेकास विचारून आठवणी गोळा केल्या. एकाची आठवण दुसऱ्याशी जुळली नाही तर ती दडपून टाकावयाची नाही, तो फरकही नोंदून ठेवावयाचा, अशी त्या परंपरेची रीत आहे. ज्या गावाने मराठी गद्याला असा प्रामाणिक आरंभ करून दिला, त्याच गावात आज मराठी भाषेचे विद्यापीठ उभे राहिले आहे. विचारल्यावाचून लिहू नये, हा येथला वारसा. आणि याच गावचा मी, विचारल्यावाचून बोललो होतो. आता नातीच्या प्रश्नाकडे येतो.

गोष्ट १९८८ सालची. मी एका खेड्यातील शाळेत सातवीचा वर्गशिक्षक होतो. सहल चिखलदऱ्यास जावयाची होती. अठ्ठावीस मुलांनी प्रत्येकी पाच रुपये आणून दिले. एकूण एकशे चाळीस. ते मी टेबलाच्या खणात ठेविले होते, असे मला पक्के स्मरत होते. दुसऱ्या दिवशी पाहतो तो खण रिकामा.

मी तपास केला. मधल्या सुटीत सर्व मुले बाहेर जात. एकच मुलगा रोज वर्गात बसून राही. त्या दिवशी त्याला टेबलापाशी वाकलेले एका मुलाने पाहिले होते. दुसऱ्या दिवशी तो पायांत नव्या चपला घालून आला. विचारताच त्याची मान खाली गेली आणि जीभ अडखळू लागली. चार पुरावे, न्यायसभेतही चारच होते. मी त्याला चाळीस मुलांसमोर उभे केले आणि ‘चोर’ हा शब्द उच्चारला. तो म्हणाला, “म्या नाई घेतले जी, गुरुजी.” मी म्हणालो, “मग कोणी घेतले ते सांग.” मी त्याला मारले नाही, असे समाधान मी पुढे पुष्कळ दिवस करून घेत असे.

दुसऱ्या दिवसापासून तो शाळेत आला नाही. त्याचे वडील आले. दाराबाहेर चपला काढून उभे राहिले आणि म्हणाले, “गुरुजी, पोरानं घेतले असन तं चामडी लोळवा त्याची. पन घेतले नसन तं मंग तुमी काय करसान?” मी उत्तर दिले नाही. सहलीचे पैसे पदरचे भरले, सहल झाली, आणि मी उदार मनाचा शिक्षक म्हणून नावाजलो गेलो.

पौषात एके रात्री माझ्या जुन्या शब्दरूपावलीचे तपकिरी कव्हर फाटले म्हणून बदलू लागलो. आतून शंभराची एक आणि विसाच्या दोन नोटा खाली पडल्या. सुट्या नोटा दुकानातून बदलून आणून, खणाची कडी मोडकी म्हणून त्या मीच तेथे घातल्या होत्या. चोरी झालीच नव्हती. आणि झाली होती असे मानले, तर चोर तो होता जो तपास करीत होता. चित्रपटातील तिसऱ्या शेवटाशी मी का सावरून बसलो, हे आता वाचकांस कळले असेल.

त्यानंतर मी विचारावयास गेलो. आधी जावयास हवे होते. घराला कुलूप होते. मंडळी वरुडाकडे संत्र्यांच्या बागांत कामास गेलेली होती. शेजाऱ्यांकडून समजले ते असे: मुलगा मधल्या सुटीत आत बसे, कारण त्याच्याजवळ भाकरी नसे. टेबलाखाली वाके तो खडूचे पडलेले तुकडे वेचण्यासाठी. घरच्या भिंतीवर तो धाकट्या बहिणीस अक्षरे शिकवी. चपला आल्या त्या आईच्या कापूस-वेचणीच्या मजुरीतून. चारही पुरावे खरे होते, आणि चारहींचा अर्थ मी लावला होता.

वर्गात मी काय सांगितले? एवढेच की, “पैसे सापडले.” कोठे सापडले आणि कोणी ठेविले होते, हे सांगितले नाही. चाळीस मुलांपुढे शिक्षकाची अब्रू जाईल असे मला वाटले. मुलाची गेली होती, ती मी हिशेबात धरली नाही.

तो मुलगा सातवीच्या पुढे शिकला नाही. अनेक वर्षांनी मोर्शीच्या बाजारात एका मनुष्याने वाकून नमस्कार केला. तोच. संत्र्यांचा लहानसा व्यापार करतो, मुले शिकत आहेत. मी त्याला बाजूला नेले, सर्व सांगितले आणि हात जोडले. त्याने माझे हात धरले व म्हणाला, “जाऊ द्या जी गुरुजी, लय दिवस झाले.” मग किंचित थांबून त्याने विचारले, “तवा वर्गात सांगतलं होतं का जी तुमी?”

मी ‘नाही’ म्हणालो. तो “बरं” म्हणाला, आणि संत्री मोजू लागला.

यंदाच्या दिवाळीत, चित्रपट संपल्यावर, हे सर्व मी घरच्या मंडळींना सांगितले. इतक्या वर्षांत सौ.नाही पुरते ठाऊक नव्हते. कोणी काही बोलेना. आमच्या घरांतून वाटी हरवली, अंगठी दिसेनाशी झाली, पाकिटातली नोट कमी भरली, की धुणेभांडी करणाऱ्या बाईकडे किंवा गड्याकडे पहिली नजर जाते. हे त्या ओसरीवर बसलेल्या प्रत्येकास आठवत असावे. आरोप चारचौघांत होतो आणि वस्तू सापडते ती गुपचूप.

शेवटी ती बारा वर्षांची नात म्हणाली, “म्हणजे आजोबा, तुम्ही बाद.” तिच्या आईने तिला दटावले. ती म्हणाली, “पण बाद झालेल्याने उठून जायचे नसते. बसून पत्ते दाखवायचे असतात.”

त्या वर्गातील चाळीस जण आता पन्नाशीला आले आहेत. त्यांच्यापैकी काहींच्या घरी हे मासिक जाते, हे मला ठाऊक आहे. त्यांना सांगावयाचे ते एवढेच: १९८८ सालच्या सहलीचे एकशे चाळीस रुपये कोणीही चोरले नव्हते. ते तुमच्या गुरुजींच्या शब्दरूपावलीत होते, आणि तेथे ते गुरुजींनीच ठेविले होते.